कमले की का मले

ही गोष्ट एकोणीसशे पस्तीस सालची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मोताळ्यात उकंडराव पाटलांच्या ओसरीवर कर्ण्याचा फोनो आला. लोकांच्या घरी फोनो येतो तो गाण्याच्या हौशीनं. पाटलांच्या घरी तो आला सुनेची जीभ सरळ करण्यासाठी.

सून म्हणजे कोकिळा. नाव कोकिळा, पण गळा असा की ती जात्यावर बसली की सासू गोजरबाई म्हणे, "तू नुसतं दळ वं बाई. ओव्या मी म्हणतो." आता गाता येत नाही म्हणून काही कोणी सुनेला टाकत नाही. कोकिळेचं अडलं होतं ते बोलण्यात, आणि तेही एका अक्षरापाशी.

तिचे यजमान उत्तमराव पुण्याला वकिली शिकून आले. मोताळ्यातून गेले तेव्हा 'मले' म्हणत गेले, आले ते 'मला' म्हणत आले. बुलढाण्याला घर घेतलं, कोर्टात जायला लागले, दारावर पाटी लावली. वडिलांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांना जन्मल्याबरोबर घटकाभर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. त्यावरून नाव पडलं उकंडराव. पाटीवर उत्तमरावांनी त्या नावाचा नुसता 'उ' ठेवला. बाकीचं नाव गाळलं. त्या उकिरड्याच्याच कृपेनं आपण पाटी लावायला या जगात आहोत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लग्नानंतर कोकिळेला त्यांनी बुलढाण्याला नेलं. वर डोंगरावरचं ते गाव, थंड हवा, साहेब लोकांचे बंगले. तिथं एका अंमलदाराच्या घरी हळदीकुंकू होतं. कोकिळा नवी साडी नेसून, नाकात नथ घालून गेली. चहाचा कप पुढं आला तसं ती सरळ म्हणाली, "मले चाय नाई पाह्यजे." झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अंमलदारीणबाई पदर तोंडावर धरून शेजारणीला म्हणाल्या, "मले नाई पाह्यजे!" आणि सगळा दिवाणखाना खुदकन हसला.

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी बायकोला परत मोताळ्याला आणून सोडलं.

"आधी 'मला' म्हणायला शीक," ते म्हणाले. "ज्या दिवशी 'मला' म्हणशील, त्या दिवशी न्यायला येतो."

"तुमाले म्हणूनच तं राह्यली," कोकिळा म्हणाली. "आता आणखी काय म्हणू?"

उत्तमरावांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर ते अधूनमधून रविवारी येत, शेताचं बघत, भाकर खात आणि तिन्हीसांजेच्या आत घाट चढून जात. कोकिळा तशीच मागं राही. नवऱ्यानं मारलं नाही, हाकललं नाही, सवत आणली नाही. माहेरी काय सांगायचं? एका अक्षरासाठी नवऱ्यानं नांदवायचं थांबवलंय म्हणून सांगितलं तर तिचा बाप हसला असता. गोजरबाईला मात्र हसू येत नव्हतं. ती मुलाला तोंडावर विचारी, "तू तिकळे, हे इकळे. मंग नातू काय पोस्टानं येईन?"

त्यावर उपाय म्हणून उत्तमरावांनी फोनो आणला आणि चंद्राबाई निपाणीकरांची तबकडी आणली. चंद्राबाईंचं नाव तेव्हा गाजत होतं. नाटकातली पदं त्या अशी म्हणत की पुण्याचे लोकसुद्धा माना डोलवत. "रोज ऐक," उत्तमराव म्हणाले. "वाणी कशी स्वच्छ असते ते कानावर पडू दे. शिकवून येत नसेल तर ऐकून तरी येईल."

कोकिळेनं पहिल्या दिवशी भीतभीतच ऐकलं. चावी द्यायचं काम सासऱ्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. सुई टेकली, खरखर झाली, पेटी वाजली आणि मग एका बाईचा आवाज त्या कर्ण्यातून असा आला की भिंतीशी निवडायला घेतलेली तूर कोकिळेच्या हातातच राहिली. बाई म्हणत होती,

"का... मले सांगना सखे, कुठं गेला नाथ माझा..."

कोकिळेनं सासूकडे पाहिलं. सासूनं कोकिळेकडे पाहिलं.

"काय म्हणली वं ते?" गोजरबाईनं विचारलं.

"का मले सांगना, म्हणली."

"मले म्हणली?"

"मलेच म्हणली आत्याबाई. आपल्यावाणी."

उकंडरावांनी पुन्हा चावी दिली. पुन्हा मले. तिसऱ्यांदा लावली तरी मलेच. काऊन मले सांगत नाही गं सखे, माझा नवरा कुठं गेला! इतकं सरळ, इतकं घरातलं गाणं कोकिळेनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. शिवाय तिला तर नवरा कुठं गेला ते माहीत होतं, म्हणून जास्तच रडू आलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की चंद्राबाई वऱ्हाडातली आहे. शेजारची अंबूबाई, वरवट बकालची माहेरवाशीण, तबकडी ऐकून लगेच म्हणाली, "अव माय! हे तं आमच्या वरवटची. आमच्या वरवटचं 'मले' असंच असते, जरासं लांबट."

"मंग निपाणीकर काऊन म्हणतेत तिले?" गोजरबाईनं हटकलं.

"तिकळे दिलं असन."

मुलीला दूर देण्यात अशक्य असं काय आहे?

कोकिळेचं चंद्राबाईंवर असं मन जडलं की विचारू नका. भाकरी थापताना बाई, गोठ्यात बाई, डोक्यावरून पाण्याची घागर आणताना बाई. हळदीकुंकवात ज्याच्यावरून बायका हसल्या, तेच अक्षर ही बाई अख्ख्या पुण्यापुढं छातीवर हात ठेवून म्हणते आणि पुणं माना डोलवतं! तबकडी झिजू नये म्हणून कोकिळा ती मलमलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवी. महिन्याभरात तिची जीभ सरळ तर झाली नाहीच, उलट पूर्वी 'मले' म्हणताना जी थोडी अडखळायची ती आता ठणकावून म्हणायला लागली.

अशात एका रविवारी उत्तमराव आले. तिनं त्यांना पाण्याचा तांब्या देतादेताच सांगितलं, "तुमची बाई मले म्हणते."

"कोण बाई?"

"फोनोतली."

उत्तमरावांनी तबकडी लावून ऐकली आणि पोट धरून हसले. मग त्यांना राग आला. "अगं, 'कमले' आहे ते! कमला! सखीचं नाव आहे. 'कमले, सांग ना सखे.' नायिका सखीला विचारते आहे."

"कोणती सखी?"

"कमला."

"मंग ते कमळा गाण्यात एकदाबी बोलत काऊन नाई? एवढं रडूरडू इचारून राह्यली ते, तं माणसानं काही तं सांगाव."

उत्तमरावांचा आवाज चढला. "तुझ्यासारखीला नेऊन मी तिथं काय तोंड दाखवू? कमलेचं 'का मले' करणारी बायको!"

"मी बाईलेच इचारीन," कोकिळा म्हणाली.

"विचार, विचार!" उत्तमराव ओसरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाले. "बाईंनी स्वतःच्या तोंडानं 'मले' असं सांगितलं ना, तर त्याच दिवशी बुलढाण्याला नेतो तुला. वकिलाचा शब्द आहे."

उकंडराव चावी फिरवता फिरवता थांबले. "आयकलं बरं का समद्यानं," ते म्हणाले.

वकिलानं शब्द दिला तो चंद्राबाई कधी मोताळ्यात उगवणार नाहीत या भरवशावर. पण त्याच हिवाळ्यात बुलढाण्याच्या वाचनालयाच्या मदतीसाठी जलसा करायचं ठरलं, आणि चंद्राबाईंना बोलावण्यात पुढाकार घेतला तो उत्तमरावांनीच. बाई माझ्या घरी उतरणार, असंही त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. मोताळ्याला मात्र यातलं अक्षर कळवलं नाही. मलकापूरच्या स्टेशनवरून बाईंना भाड्याच्या मोटारीत घालायचं, मोताळ्यातून न थांबता जायचं आणि राजूरचा घाट चढून बुलढाणा गाठायचं, असा त्यांचा बेत होता.

बेत मोटारीला मान्य नव्हता. मोताळ्यात पाटलांच्या दारासमोर येताच तिच्या नाकातून वाफ निघाली आणि ती उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, इंजिन थंड होऊ द्या, पाणी भरू द्या, नाही तर घाटात ढकलावी लागेल." समोर विहीर, विहिरीशी कोकिळा, हातात दोर. मोटारीत पुढं उत्तमराव आणि मागं गुलबक्षी शालू नेसलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या, डोकं दाबत बसलेल्या एक बाई.

"हे घर कुणाचं?" बाईंनी विचारलं. "मला जरा तोंड धुवायचंय."

आपल्याच घराला दुसऱ्याचं म्हणण्याइतकी वकिली अजून त्यांना साधली नव्हती. "आमचंच," उत्तमराव म्हणाले.

बाई ओसरीवर आल्या. फोनो तिथंच होता, शेजारी मलमलीत गुंडाळलेली तबकडी. बाईंनी ती उघडून पाहिली आणि नुसत्या हसल्या. तेवढ्यानं कोकिळेला कळलं की ह्याच त्या. तिला वाटलं होतं बाई उंच असेल, तेजःपुंज असेल. ही तर आपल्या अंबूबाईएवढीच ठेंगणी, आणि प्रवासानं थकून गेलेली. कोकिळा चुलीकडे पळाली. वांग्याचं भरीत झालेलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झालेल्या होत्या. तिनं ताट वाढून आणलं.

"अगं, हे काय देतेस त्यांना?" उत्तमराव दबक्या आवाजात म्हणाले. "बाई, तुम्हाला हे चालणार नाही. फार गावठी असतं आमच्याकडचं."

बाई तोवर दुसरा घास घेत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, पण हात थांबत नव्हता. अंबूबाई, जी बातमी लागताच कुंपणावरून उतरून आली होती, ती गोजरबाईच्या कानाशी लागली, "पाय, कशी खाते. वरवटचीच हाये."

कोकिळेनं दाराच्या चौकटीला धरलं. आत्ता नाही विचारलं तर मग मरेपर्यंत या ओसरीवर तूर निवडायची.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"त्या गाण्यात तुमी 'का मले' म्हणता, का 'कमले'?"

उत्तमराव ताडकन उठले. "तिच्याकडे लक्ष देऊ नका बाई. इथल्या लोकांचे कानच तसे. 'कमले' आहे हे मी कितीदा सांगितलं हिला. सांगा, तुम्हीच एकदा सांगून टाका. कमले. स्वच्छ आहे, क, म, ले."

बाईंनी घास खाली ठेवला. आधी उत्तमरावांकडे बघितलं. मग चौकटीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं.

"वकीलसाहेब, गाणं मी म्हटलंय की तुम्ही?"

"तुम्ही, म्हणजे अर्थातच तुम्ही."

"मग मी सांगते. 'का मले' असंच आहे ते. आमचे मास्तर तुमच्याच मुलखातले होते."

"वरवटचे!" अंबूबाई ओरडली.

"असतील," बाई म्हणाल्या आणि पुन्हा भरिताकडे वळल्या.

उकंडरावांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. "वकील," ते मुलाला म्हणाले, "हारला तू."

"आबा, मी ते गमतीनं बोललो होतो. त्याला काही अर्थ नाही. आणि आज जलसा, माझ्या मागं शंभर कामं. हिला नंतर बघू."

कोकिळेनं चौकट सोडली. वकिलाचा शब्द तो. पाळायचा नसला की गमतीचा. पण तेवढ्यात चंद्राबाईंनी हात धुताधुता सहज विचारलं, "मावशीला भुसावळला ताप भरला, तिला तिथंच ठेवून आले. माझ्याबरोबर बाईमाणूस नाही. तुमच्या बुलढाण्याच्या घरी कोण असतं?"

"मी आणि स्वयंपाकी."

गोजरबाईनं गालावर हात मारून घेतला. "अव माय! एकट्या गड्याच्या घरात बाई उतरवतं? बाईले काय वाटन? आन् गावाले काय वाटन? साहेबायच्या बायकांपुढं 'मले' म्हणलं तं तुही लाज गेली. आता हे समजलं तं काय राहीन?" ती सुनेकडे वळली. "उभी काय राह्यली? लुगडं घे, फणी घे, बस जाऊन मोटारीत!"

उत्तमरावांनी मोटारीचं मागचं दार उघडलं.

अशी कोकिळा बुलढाण्याला निघाली. तिच्या प्रेमानं जे झालं नाही, गाण्यानं झालं नाही, शब्दानं झालं नाही, ते 'लोक काय म्हणतील' यानं पेलाभर चहा पिऊन होण्याच्या आत झालं.

उत्तमराव पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मागं दोघी. घाटात इंजिनाचा इतका आवाज की पुढच्याला मागचं ऐकू येऊ नये.

"नाव काय तुझं?"

"कोकिळा."

"गातेस?"

"नाई. म्हून तं तुमाले आयकतो." थोडं थांबून तिनं विचारलं, "बाई, खरंच 'का मले' हाये नं?"

चंद्राबाईंनी पुढच्या पाठीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "नाही गं. कमलेच आहे."

कोकिळेला वाटलं मोटार घाटातून खाली चालली. "मंग खोटं काऊन बोलल्या?"

"मलकापूरपासून तुझे यजमान मला शुद्ध मराठी समजावून सांगत होते. माझं डोकं उठलं. माझ्या घरात बोलतात कानडी. मराठी मी मास्तरांच्या छडीखाली शिकले. उच्चार चुकला की छडी. ते पद बसवताना तर हात सुजले होते." त्या जराशा हसल्या. "आणि ती कमला कोण, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. नाटकात ती येतच नाही."

"म्या तेच म्हणलं होतं!" कोकिळा एकदम ओरडली. उत्तमरावांनी मागं वळून पाहिलं. दोघी बाहेरचा डोंगर बघत होत्या.

"तुझं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं," चंद्राबाई पुन्हा हळूच म्हणाल्या, "की या ओळीला काही अर्थ आहे."

संध्याकाळी जलसा झाला. पुढं अंमलदार, वकील, डॉक्टर. मागं कारकून, शाळामास्तर आणि खेड्यांतून आलेले पाटील-शेतकरी. एका बाजूला चिकाच्या पडद्याआड बायका. कोकिळेला जागा मिळाली ती नेमकी त्याच अंमलदारीणबाईंच्या शेजारी. दोन-तीन चिजा झाल्या आणि चंद्राबाईंनी ते पद सुरू केलं. 'का' लांबवला, खूप लांबवला, मग थांबल्या. पेटीवाल्यानं चमकून वर बघितलं. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, तोडून, त्या म्हणाल्या, "मले."

मागून कोणीतरी ओरडलं, "वा बाई! आपली बाई!" आणि त्यापुढं 'मले, मले, पुन्हा मले' असा एकच गिल्ला. चंद्राबाईंनी तो शब्द किती तऱ्हांनी घोळवला! पुढच्या रांगेत वकीलसाहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते.

पडद्याआड अंमलदारीणबाई डोळे पुसत कोकिळेला म्हणाल्या, "किती गोड वाटतं ना ते, 'मले'?"

"हो ना," कोकिळा म्हणाली. "मला पण लय आवडलं."

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो. ज्याच्यासाठी इतके दिवस अडली होती ते अक्षर निघालं, आणि ऐकायला नवरा जवळ नव्हता. तिनं ते त्यांना कधी सांगितलंही नाही. सांगून तरी काय, आता ती बुलढाण्याला होतीच.

चंद्राबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. कोकिळा राहिली. परत पाठवायची कशी? जलशानंतर साऱ्या गावाला कळलं होतं की बाई वकीलसाहेबांच्या बायकोवर खूश होऊन तिच्या घरी जेवून गेल्या.

सदतीस साली प्रांताच्या निवडणुका आल्या आणि उत्तमराव उभे राहिले. वरवट बकालच्या बाजारात पहिलं भाषण केलं, "बंधुभगिनींनो, आपण मला..." इतकंच झालं आणि गर्दीतून प्रश्न आला, "हा पुण्याचा पाहुणा कोण आणला बे?" घरी येऊन ते बराच वेळ बायकोच्या अवतीभवती घुटमळले. शेवटी म्हणाले, "ते जरा... आपल्याकडचं बोलणं... माझी सवय गेली."

"आधी 'मले' म्हणायले शिका," कोकिळा भाकरी थापता थापता म्हणाली. "मंग पाहू."

ते शिकले, पण 'मला' म्हणायच्या जागी 'मले' आणि 'मले' नको तिथंही 'मले'. लोकांनी भाषणं चवीनं ऐकली, मतं दुसऱ्याला दिली. पुढं लोकल बोर्डात मात्र निवडून आले, तोवर जीभ बसली होती. उतारवयात तर पुण्याच्या पाहुण्यांसमोर मुद्दाम 'मले' म्हणायचे आणि कोणी हसलं की रागवायचे.

गोजरबाईला नात झाली. कोकिळेनं तिचं नाव कमला ठेवलं. बायकोनं अखेर हार मानली असं समजून उत्तमरावांनी पेढे वाटले. गोजरबाई मरेपर्यंत अंगणात उभी राहून "कमलेऽ" म्हणून हाक मारायची आणि नात "काऊन वं आजी?" म्हणत यायची. उकंडराव गेले ते फोनोच्या शेजारीच, चावी हातात होती. अंबूबाईनं शेवटपर्यंत वरवटचा हेका सोडला नाही. तिनं तर चंद्राबाईंच्या चुलत्याचं घरही एका भाचीला दाखवलं.

चंद्राबाईंच्या नाटक कंपन्या बोलपटांनी बंद पाडल्या. त्या निपाणीला जाऊन मुलींना गाणं शिकवत राहिल्या, छडी न घेता, असं ऐकलं. नागपूरला रेडिओ सुरू झाल्यावर एकदा त्यांचं गाणं लागलं. उत्तमराव आणि कोकिळा दोघं रेडिओला कान लावून बसले. आवाज थकला होता, पण पद तेच. या वेळी काही घोळवलं नाही, तोडलं नाही. मास्तरांनी शिकवलं तसं, स्वच्छ, तीन अक्षरं एकजीव करून बाई म्हणाल्या, "कमले."

उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "आयकलं?" ते बायकोला म्हणाले. "मलेच म्हणली! काही म्हणा, बाई आपल्या इकडचीच."

कोकिळेनं त्यांच्याकडे बघितलं. ऐकू तर तिलाही आलं होतं, आणि खरं काय ते साऱ्या जिल्ह्यात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"हाव," ती म्हणाली, आणि रेडिओ जरा मोठा केला.